कोरियन शेगडीवर ‘पैसे वसूल’ करण्याच्या नादात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या खाण्यापिण्यावर मराठी वृत्तपत्रांत जे लेख येतात, त्यांत ‘एकदा पैसे भरा आणि हवे तेवढे खा’ अशा कोरियन बार्बेक्यूचा, म्हणजे टेबलातल्या शेगडीवर आपणच मांस भाजून खाण्याचा, उल्लेख हल्ली वरचेवर दिसतो. त्यासोबतचा सल्लाही ठरलेला असतो: दिवसभर पोट रिकामे ठेवा, भाताला आणि भाज्यांना हात लावू नका, सगळ्यांत महाग मांस मागवत राहा, म्हणजे पैसे वसूल. याच व्यवसायात काम करत असल्याने खात्रीने सांगतो, की हा सल्ला मनात धरून आलेली मंडळीच सर्वांत वाईट जेवून जातात. इथे स्वयंपाकी आत नसतो, तो टेबलावर बसलेला गिऱ्हाईक असतो. भुकेने कासावीस झालेला स्वयंपाकी पहिली दोन ताटे अर्धकच्ची खातो, पुढची दोन करपवतो आणि उरलेल्याचा दंड भरून उठतो.

कोरियातल्या नेहमीच्या मांस भाजण्याच्या उपाहारगृहांत मांस माणशी मापाने मिळते. एक माप म्हणजे साधारण 150 ते 200 ग्रॅम कच्चे मांस, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातीला निदान दोन मापे घ्यावी लागतात. ठरावीक रकमेत कितीही खाण्याची उपाहारगृहे तिथेही आहेत, पण ती मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आणि तरुणांसाठी, आणि त्यांत भर असतो डुकराच्या मांसावर. या प्रकाराला खरा बहर आला तो अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमध्ये. मराठी कुटुंबांची गाठ पडते तीही बहुधा अमेरिकेतच. न्यू जर्सीत एडिसनहून तासाभरात पॅलिसेड्स पार्क आणि फोर्ट ली या कोरियन वस्त्या गाठता येतात, टेक्सासात प्लेनो-अर्व्हिंगच्या शेजारी कॅरोलटन आहे, कॅलिफोर्नियात सँटा क्लाराचा एल कमीनो रिआल रस्ता आहे. मुलांकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांना एखाद्या शनिवारी तिथे नेले जाते. त्यांना आत शिरण्याआधी कोणी काही सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आधी भिंतीवरचे नियम वाचावेत. टेबलावरच्या प्रत्येकाने तोच ठरावीक दर भरायचा, हा नियम जवळपास सगळीकडे असतो. ‘आई नुसती बसेल, तिला भूक नाही’ असे चालत नाही, कारण चालले तर एकाच्या पैशात चौघे जेवतील. लहान मुलांचा दर वयावर, काही ठिकाणी उंचीवर ठरतो. वेळ दीड ते दोन तास. शेवटची ऑर्डर वेळ संपण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी. एका फेरीत किती प्रकार मागवता येतील यालाही बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते. उरलेले घरी नेता येत नाही आणि ताटात कच्चे मांस टाकून उठल्यास वेगळा आकार पडतो. कोरियात अशा ठिकाणी पाट्या लावून माणशी किंवा टेबलामागे तीन ते पाच हजार वॉन घेतले जातात. अमेरिकेत बहुधा वजनावर हिशोब होतो.

आता पोटापेक्षा शेगडीचा हिशोब करू, कारण खाण्याला खरी मर्यादा तिथेच पडते. टेबलातली गोल जाळी साधारण एक फूट व्यासाची असते. तिच्यावर दाटी न करता एका वेळी सुमारे 300 ग्रॅम मांस मावते. दीड तासातून सुरुवातीची पंधरा मिनिटे मागवण्यात आणि शेगडी तापण्यात जातात. जाड काप भाजायला दहा-बारा मिनिटे, पातळ कापांना दोन-तीन, मध्ये जाळी बदलायला थांबायचे. सगळे धरून सहा भरण्या नीट होतात. म्हणजे 1800 ग्रॅम कच्चे मांस, चौघांत माणशी 450 ग्रॅम. भाजताना पाणी आणि चरबी जाऊन वजन सुमारे तृतीयांशाने घटते, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला 300 ग्रॅमच्या आसपास भाजलेले मांस येते. पोट भरायला ते भरपूर आहे. पण पहिल्याच फेरीत आठ ताटे मागवली तर ती टेबलावर पाणी सोडत पडतात. गोठवून यंत्रावर कापलेले पातळ काप दहा मिनिटांत सैल पडून एकमेकांना चिकटतात, आणि मग ते जाळीवर भाजत नाहीत, स्वतःच्याच पाण्यात शिजतात. चौघांसाठी पहिल्या फेरीत दोन, फार तर तीन ताटे. दुसरी फेरी पहिली जाळीवर असतानाच सांगावी. घंटा टेबलाच्या कडेलाच असते आणि ती वाजवण्यात काही अपमानास्पद नसते, ती त्यासाठीच आहे.

मांसाचा क्रम हा या जेवणाचा कणा. आधी पातळ आणि काही न लावलेले, मग जाड आणि चरबीचे, सर्वांत शेवटी मसाल्यात मुरवलेले. याचे कारण साखर. बुल्गोगी (मुरवलेले पातळ काप) आणि गाल्बी (बरगड्यांचे मांस) यांच्या मुरवणात सोया सॉस, साखर, किसलेले नासपती, लसूण आणि तिळाचे तेल असते. नासपतीने मांस मऊ पडते, पण त्यातली आणि वरून घातलेली साखर जाळीला लागताच करपते आणि काळा चिकट थर धरते. त्यानंतर जे काही ठेवाल त्याला त्या जळक्या थराची कडू चव येते. बहुतेक मंडळी नाव ओळखीचे म्हणून बुल्गोगीच आधी मागवतात आणि उरलेले सगळे जेवण त्याच जाळीवर उरकतात. जाळी काळी झाली की नवी मागावी, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. एका जेवणात दोन-तीन वेळा जाळी बदलणे हे नेहमीचे आहे.

पहिल्या टप्प्यात छादोलबेगी घ्यावी. बैलाच्या छातीचे, दीड-दोन मिलिमीटर जाडीचे, गुंडाळी होऊन आलेले काप. गरम जाळीवर पसरले की वीस-तीस सेकंदांत खालून रंग बदलतो, एकदा उलटायचे, तेवढ्याच वेळात काढायचे. इथे गप्पा मारत बसलात तर कातडे होते. हे काप चिमट्याने एकेक सुटे करून ठेवावेत. ताट जाळीवर उपडे करणाऱ्यांच्या वाट्याला बाहेरून कोरडा आणि आतून कच्चा गोळा येतो.

दुसरा टप्पा सामग्योपसालचा, म्हणजे डुकराच्या पोटाकडचे मांस, ज्यात मांस आणि चरबीचे थर एकाआड एक असतात. हा या जेवणातला सर्वांत चांगला आणि सर्वांत जास्त बिघडवला जाणारा प्रकार आहे. पट्टी साधारण बोटभर जाडीची असावी. जाळी किंवा तवा इतका तापलेला हवा, की पट्टी टेकताच चर्र आवाज व्हावा. तो आला नाही तर मांस चिकटणार आणि उलटताना फाटणार. मग तीन-चार मिनिटे हात लावायचा नाही. वरच्या बाजूला रसाचे बारीक थेंब दिसू लागले की उलटायचे. दुसरी बाजू तांबूस झाल्यावर पट्टी चिमट्याने उचलून धरायची आणि कात्रीने दीड-दोन इंचाचे तुकडे करायचे. ही कात्री पाहून आपल्याकडची माणसे बिचकतात, पण ती स्वयंपाकघरातलीच आहे. तुकडे केल्यावर कापलेल्या बाजूही एकेक मिनिट तव्याला लावाव्यात, कारण आतला गुलाबीपणा तिथेच उरलेला असतो. सतत उलटापालट करणाऱ्याला हा तांबूस, कुरकुरीत पृष्ठभाग कधीच मिळत नाही.

चरबी गळू लागली की ज्वाळा उठतात. पाणी अजिबात ओतू नये. गरम चरबीवर पाणी पडले की ते उसळून हातातोंडावर येते. मांस कडेला सरकवावे, ज्वाला आपोआप बसते. न बसली तर घंटा वाजवून आंच कमी करून घ्यावी. तवा तिरका बसवलेला असेल तर त्याला खालच्या बाजूला चरबी वाहून जाण्यासाठी भोक असते. ते भोक मांसाने बुजू देऊ नये. त्या उताराच्या वाटेवर किमची (कोबीचे आंबवलेले तिखट लोणचे) आणि लसणाच्या पाकळ्या ठेवाव्यात. वाहत्या चरबीत परतलेल्या किमचीचा आंबटपणा मऊ होतो, लसूण गोडसर होतो आणि मग सामग्योपसालबरोबर दुसऱ्या कशाची गरज उरत नाही. गोव्यात आणि वसईकडे जे डुकराचे मांस चवीने खातात, त्यांना ही चव परकी वाटू नये.

तिसऱ्या टप्प्यात नवी जाळी, आंच मध्यम, आणि मग एलए गाल्बी. बैलाच्या बरगड्या आडव्या कापलेल्या असतात, एका पट्टीत हाडांचे तीन गोल दिसतात. मुरवण ठिबकू देऊन मगच ठेवावी. हिला मात्र वारंवार उलटावे लागते, अर्ध्या-पाऊण मिनिटाने एकदा, नाहीतर साखर जळते. वर सांगितलेला हात न लावण्याचा नियम इथे लागू केला की हमखास कोळसा होतो. करपलेला भाग कात्रीने कापून टाकावा, खाऊ नये. मांस जळताना तयार होणारी काही रसायने आरोग्याला घातक आहेत.

चिमट्यांबद्दल कळकळीने लिहितो, कारण पोट बिघडण्याचे मोठे कारण तेच असते. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, भाजलेले उचलण्याचा वेगळा. एकच दिला असेल तर दुसरा मागा. जेवायच्या काड्यांनी कच्चे मांस जाळीवर ठेवायचे आणि त्याच काड्या तोंडात घालायच्या, हे जवळजवळ प्रत्येक टेबलावर घडते. ताट रिकामे झाले म्हणून त्यात भाजलेले काढून ठेवणे हीसुद्धा तशीच चूक, कच्च्याचे पाणी त्यात साचलेले असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने सांगितलेली आतली तापमाने अशी: अखंड बीफ आणि डुकराचे मांस 63 अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा, कोंबडी 74 अंश. डुकराच्या मांसाचा हा आकडा 2011 मध्ये 71 वरून खाली आला. टेबलावर तापमापक कोणी लावत नाही, म्हणून कात्रीने सर्वांत जाड तुकडा मधोमध कापून पाहावा. कोंबडीत गुलाबी छटा किंवा गढूळ रस अजिबात चालणार नाही. कोंबडी लाल मसाल्यात मुरलेली येते आणि मसाल्याच्या रंगामुळे कच्चेपणा कळत नाही, हे खास लक्षात ठेवावे. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुले यांच्यासाठी सगळेच पूर्ण शिजवून द्यावे.

खाण्याची रीतही थोडी समजून घ्यावी. भाजलेले मांस नुसते एकामागून एक खाल्ले तर पाचव्या-सहाव्या तुकड्याला जीभ जड होते, आणि वसुलीचा बेत तिथेच आटोपतो. तळहातावर लेट्यूसचे पान, त्यावर क्केन्निपचे (तुळशीच्या कुळातले) सुगंधी पान, एक तुकडा मांस, बोटाच्या पेराएवढा स्सामजांग (आंबवलेल्या सोयाबीनची तिखटसर चटणी), लसणाची चकती, तिखट-आंबट कांद्याची पात, हवा तर चिमूटभर भात. विड्यासारखी घडी घालून एका घासात खायचे. पुडी एवढी मोठी करू नये की दोनदा चावावी लागेल, ती हातात सुटते. काही न लावलेल्या मांसासाठी तिळाचे तेल, मीठ आणि मिरपूड यांचे मिश्रण असते. मुरवलेल्याला ते लावू नये, आधीच खारट असते. बांचान म्हणजे सोबतच्या लहान वाट्या, मोड आलेले कडधान्य, मुळा, पालेभाजी, बटाटा वगैरे. त्या कितीही वेळा फुकट मिळतात आणि मांसाच्या दोन फेऱ्यांमध्ये तोंड साफ करण्यासाठीच असतात. त्यांना ‘पोट भरवायची युक्ती’ समजून बाजूला सारणारा आंबट, तिखट आणि थंड या तिन्ही चवींना मुकतो. भात मात्र अर्धी वाटी पुरे. शेवटी थंडगार नेंगम्योन नूडल्स मिळत असतील तर एक वाटी दोघांत घ्यावी.

आता शाकाहारी आणि बीफ न खाणाऱ्या वाचकांसाठी, आडपडदा न ठेवता. या टेबलावर शाकाहारी माणसाला नेऊ नये. जाळी सामाईक असते, हवेत चरबीचा धूर असतो, पैसे पूर्ण लागतात आणि खायला मिळतात चार वाट्या. त्या वाट्याही सरळ नसतात. किमचीत बहुधा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, ट्वेनजांगच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) रस्स्याला सुक्या माशांचे पाणी असते, वाफवलेल्या अंड्यातही तेच पाणी असू शकते. ‘व्हेज आहे का’ असे विचारले तर वेटर भाज्या दाखवून हो म्हणेल. त्यात त्याचा खोटेपणा नाही, त्याच्या लेखी भाजी दिसली की पदार्थ भाजीचा. मासळी, कोळंबी, मांसाचा रस्सा, अंडे अशी एकेक गोष्ट नाव घेऊन विचारावी. आजी-आजोबा शाकाहारी असतील तर मांस वगळून बिबिम्बाप (भाज्या घातलेला भात) देणाऱ्या साध्या कोरियन खानावळीत सगळ्यांनी जावे, बार्बेक्यू दुसऱ्या दिवशी.

बीफ टाळणाऱ्यांनी यादीतले तीन शब्द पाठ करावेत: सो म्हणजे गाय-बैल, ड्वेजी म्हणजे डुक्कर, डाक म्हणजे कोंबडी. नुसते बुल्गोगी लिहिले असेल तर ते बीफ समजावे, ड्वेजी बुल्गोगी असेल तर डुकराचे. गाल्बीचेही तसेच, डाकगाल्बी मात्र कोंबडीची. छादोलबेगी आणि एलए गाल्बी नेहमी बीफच. डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी ते दुसऱ्या कोणी त्याच टेबलावर मागवलेले चालते का, हे आधी घरीच ठरवावे. चार माणसांमागे शेगडी एकच असते. मोठ्या गटाने दोन शेगड्यांचे टेबल मागितले तर बहुधा मिळते.

महाराष्ट्रातली परिस्थिती निराळी आहे. रांजणगाव, चाकण, तळेगाव भागात कोरियन कंपन्या आल्या, त्यांच्या माणसांसाठी पुण्यात कोरियन उपाहारगृहे निघाली आणि आता तिथे मराठी तरुणही जातात. मार्च 2015 मध्ये लागू झालेल्या कायद्याने राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे इथल्या शेगडीवर सामग्योपसाल आणि कोंबडी हेच मुख्य, आणि ‘बीफ’ लिहिलेले असेल तर ते म्हशीचे-रेड्याचे समजावे. म्हशीचे मांस अधिक दाट धाग्याचे असते, त्यात चरबीच्या रेषा कमी असतात, तेव्हा ते पातळ कापलेलेच मागवावे आणि थोड्याच वेळात जाळीवरून काढावे.

एक धोक्याची सूचना छापावी अशी विशेष विनंती आहे. हे जेवण आवडल्यावर घरी तसेच करण्याचा मोह होतो आणि फ्लॅटच्या दिवाणखान्यात कोळशाची शेगडी पेटवली जाते. उपाहारगृहात प्रत्येक शेगडीवर किंवा तिच्या कडेने धूर ओढून घेणारी नळी असते आणि तिच्यामागे मोठा पंखा. घरात ती नसते. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. घरी करायचे तर गॅसवर बिडाचा तवा किंवा विजेची सपाट शेगडी, खिडक्या सताड उघड्या आणि पंखा सुरू. आत गॅसचा लहान डबा बसवायच्या सुट्या शेगडीवर तवा इतका मोठा ठेवू नये की तो त्या डब्यावर येईल. डबा तापून फुटतो.

उपाहारगृहातही लहान मुलाला जाळीच्या हाताएवढ्या अंतरावर बसवू नये. वरून लोंबणारी धूर ओढायची नळी शेगडीपासून फार वर सरकवली तर धूर सगळा तोंडावर येतो. ती वेटरकडूनच खाली घ्यावी, धातू तापलेला असतो. कोट आणि पर्स खुर्चीवर टांगू नयेत. बऱ्याच ठिकाणी स्टुलाची बैठक उचलली की आत सामान ठेवायची जागा असते, कपड्यांना वास लागत नाही.

राहिले बिल. अमेरिकेत रात्रीचा दर साधारण 25 ते 40 डॉलर, दुपारी कमी. या दरांत दोन-तीन श्रेणी असतात आणि वरच्या श्रेणीत बीफचे चांगले काप वाढतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मधली किंवा खालची श्रेणी घ्यावी, कारण सामग्योपसाल बहुधा खालच्या श्रेणीतही मिळते. श्रेणीसुद्धा सगळ्या टेबलाला एकच घ्यावी लागते. माणशी 32 डॉलर धरले तर चौघांचे 128, त्यावर कॅरोलटनमध्ये 8.25 टक्के कर 10.56, आणि मूळ रकमेवर 18 टक्के टिप 23.04, एकूण 161.60, म्हणजे माणशी चाळीस डॉलरच्या वर. शीतपेये आणि दारू वेगळी. ‘आम्हीच तर भाजले, मग टिप कशाची’ असे कित्येकांना वाटते. जाळ्या बदलणे, कच्च्याची ताटे उचलणे, दहादा वाट्या भरणे आणि आंच सांभाळणे हे काम नेहमीच्या वाढण्यापेक्षा जास्त असते, म्हणून टिप कमी करू नये. मात्र मोठ्या गटाच्या बिलात ती अनेकदा आधीच धरलेली असते, तेव्हा सही करण्यापूर्वी तेवढी ओळ पाहावी. कोरियात दरातच कर धरलेला असतो आणि टिप द्यायची नसते.

आपला,
एक वाचक
कॅरोलटन, टेक्सास